दुकानाच्या मेलवर रोज अनोळखी लोकांच्या फायली येतात आणि त्या उघडाव्याच लागतात. काय करावं?

सेलूकर_सेतू

नमस्कार मंडळी. सेलूत (जि. परभणी) माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे, त्यालाच लागून झेरॉक्स आणि प्रिंटचं काम. दोन कॉम्प्युटर, एक कॅनन एलबीपी २९००, एक कलर प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, हॉलतिकीट असं सगळं चालतं.

दुकानाचा जीमेल पत्ता काउंटरच्या मागं भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेला आहे. माणूस येतो, "भाऊ, पाठवलंय बगा" म्हणतो, मी उघडतो, प्रिंट देतो. कोण आहे, कुठल्या गावचा आहे, काही माहीत नसतं. भरतीचे फॉर्म निघाले की दिवसभर हेच.

आता अडचण सांगतो. मागच्या काही दिवसांपासून विचित्र मेल यायलेत. एकात 'पीक विमा मंजूर यादी परभणी' अशा नावाची झिप फाईल होती आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. त्या मेलबद्दल विचारायला काउंटरवर कुणी आलंच नाही. दुसऱ्यात कोर्टाची नोटीस म्हणून एचटीएमएल फाईल. तिसरा मेल तर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा, इथल्या एका शाळेतल्या गुरुजींचा. मागं प्रश्नपत्रिका पाठवली होती त्याच मेलला उत्तर म्हणून आला, खाली जुना मजकूर जशाला तसा, आणि सोबत एक वर्डची फाईल. गुरुजींना फोन लावला तर ते म्हणाले, "मी तर काहीच धाडलं नाही." तिन्ही फायली उघडल्या नाहीत, तशाच पडून आहेत.

शेजारच्या तालुक्यात एका दुकानदाराच्या सगळ्या फायली अशाच कुलूपबंद झाल्या, पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर आली. लोकांचे दाखले, फोटो, स्कॅन, सगळं गेलं. तेव्हापासून डोक्याला घोर लागलाय. माझ्याकडं लोकांचे आधार असतात हो, शेतकऱ्यांचे बँक पासबुक असतात.

नेटवर पाहिलं तर सगळीकडं एकच सल्ला, अनोळखी माणसाची अटॅचमेंट उघडू नका. पण माझा धंदाच तो आहे. उघडली नाही तर चूल पेटणार नाही. मग माझ्यासारख्यानं नेमकं काय करायचं? दोन्ही मशीनवर विंडोज १० आहे. एकावर ऑफिस २००७, दुसऱ्यावर नवीन ऑफिस.

जिंतूर_रोड

चांगला पैशाचा अँटिव्हायरस टाका भाऊ. वर्षाला हजार-पंधराशे जातील पण झोप लागंल. आणि त्या तिन्ही मेल डिलीट मारा, विषय संपला.

लॅबताई_लातूर

जिंतूर_रोड दादा, अँटिव्हायरस असावाच, पण विषय तिथं संपत नाही. नव्यानं बनवलेली फाईल पहिले काही तास बऱ्याच अँटिव्हायरसना ओळखू येत नाही, आणि पाठवणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू असेल आणि रोज अपडेट होत असेल तर दुकानापुरता तो पुरेसा आहे. पैसे दुसरीकडं खर्च करायचे आहेत, सांगते पुढं.

सेलूकर भाऊ, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. तो सल्ला ज्याला अनोळखी मेल येतच नाहीत त्याच्यासाठी आहे. प्रिंटचं दुकान, शाळेचं ऑफिस, वकील, बातमीदार यांना तो लागू पडत नाही. मी लातूरला एका कॉलेजची लॅब सांभाळते. प्रवेशाच्या दिवसांत, ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा पोरांचे मार्कमेमो आणि टीसी आमच्या ऑफिसच्या मेलवर येऊन पडतात. उघडल्याशिवाय प्रवेश कसा होणार? म्हणून फाईल उघडायची का याच्यावर आम्ही डोकं घालवत नाही. कुठल्या मशीनवर आणि कशात उघडायची, तेवढं ठरवून ठेवलंय.

आधी तुमचे तीन मेल बघू.

पहिला, पासवर्डवाली झिप. झिपला पासवर्ड लावला की आत काय आहे ते जीमेललाही दिसत नाही आणि अँटिव्हायरसलाही नाही. गुपित राखायचं असतं तर पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला नसता. तो फक्त तपासणी चुकवायला लावलाय. हा मेल सरळ स्पॅममध्ये टाका. आता यावरून पासवर्डची प्रत्येक फाईल वाईट असं धरू नका. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच, नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. बँकेच्या स्टेटमेंटलाही असतो. गिऱ्हाईक समोर उभं आहे, फाईल पीडीएफ आहे आणि पासवर्ड त्याच्या तोंडून येतोय, तर काम करा.

दुसरा, एचटीएमएलची नोटीस. ही फाईल म्हणजे एक वेब पान असतं. उघडलं की ब्राउझरमध्ये जीमेलसारखंच किंवा मायक्रोसॉफ्टसारखंच लॉगिन दिसतं, वरती 'नोटीस पाहण्यासाठी पासवर्ड टाका'. टाकला की दुकानाचा मेल गेला, आणि त्या मेलमध्ये अख्ख्या तालुक्याचे आधार आहेत. कधीकधी भोळेपणानं एखादं पोरगं फॉर्मची पावती एचटीएमएल म्हणून सेव्ह करून पाठवतं, तेही होतं. त्याला सांगा, मोबाईलवरच उघड, शेअरमधून प्रिंट निवड, पीडीएफ म्हणून सेव्ह कर आणि ती पाठव. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसऱ्या मेलची मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गुरुजींचा मेल किंवा कॉम्प्युटर कुणाच्या तरी हातात गेलाय. इमोटेट नावाचा एक व्हायरस नेमकं हेच करायचा. २०१४ मध्ये तो पहिल्यांदा दिसला. पुढं तो लोकांच्या मेलबॉक्समधले जुने संवाद चोरायचा आणि त्याच संवादाला उत्तर म्हणून वर्डची फाईल पाठवायचा. जानेवारी २०२१ मध्ये युरोपोल (युरोपातल्या देशांची पोलीस संस्था) आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत आला. ती पद्धत तर आता सगळ्यांनीच उचललीय. म्हणून ओळखीच्या पत्त्यावरून आलं एवढ्यावर जाऊ नका. तुम्ही फोन केलात, यापेक्षा चांगली तपासणी कुठल्याच सॉफ्टवेअरकडं नाही. आता गुरुजींना पुन्हा फोन करा आणि सांगा: दुसऱ्या स्वच्छ मोबाईलवरून जीमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, टू-स्टेप चालू करा, आणि सेटिंगमध्ये मेल कुठं फॉरवर्ड होतोय का ते बघा. ती फॉरवर्डिंग राहून गेली तर पासवर्ड बदलूनही मेल चोराकडं जात राहतात.

आता तुमचं दुकान. दोन मशीन आहेत हे फार बरं झालं. एक मशीन फक्त सेतूचं ठेवा: आपले सरकारचं लॉगिन, अंगठ्याचं मशीन, तुमचं बँकेचं काम. त्याच्यावर दुकानाचा मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप वेब नाही, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह नाही. पेरणीचं बियाणं आणि फवारणीचं औषध आपण एका खोलीत ठेवत नाही, तसंच हे. दुसरं मशीन गिऱ्हाइकांच्या फायलींचं. त्याच्यावर गमावण्यासारखं काहीच ठेवायचं नाही. रोज रात्री डाउनलोडचं फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं. जे मशीनवर नाही ते चोरीला जाणार नाही. आणि त्या मशीनवर रोजचं काम साध्या युजर खात्यातून करा, अ‍ॅडमिनमधून नाही. काहीतरी आपोआप बसायला बघेल तेव्हा पासवर्डची खिडकी समोर येईल, आणि प्रिंट काढताना अशी खिडकी का आली हे तुम्हाला तिथंच कळेल.

सगळ्यात मोठा फरक मात्र एका सवयीनं पडतो: फाईल डाउनलोड करूच नका. जीमेलमध्ये अटॅचमेंटवर क्लिक केलं की ती तिथंच मोठी होऊन दिसते, बरोबर? ती फाईल गूगलच्या सर्व्हरवर उघडलेली असते, तुमच्या ब्राउझरमध्ये फक्त तिचं चित्र येतं. वर्डमधला मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, तिथं चालत नाही. वरती प्रिंटरचं चिन्ह असतं, तिथून प्रिंट द्या. हॉलतिकीट, पीडीएफ, स्कॅन, साधं अर्जाचं वर्ड, दुकानातलं बहुतेक काम एवढ्यात होतं. फक्त त्या चित्रात कुठं 'इथं क्लिक करा' असेल तर क्लिक करायचं नाही, कारण लिंक तिथूनही उघडते.

आणि ते ऑफिस २००७ आजच काढा. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०१७ मध्ये संपला. त्याच्यात गणिताची समीकरणं लिहायचा एक जुना भाग आहे, इक्वेशन एडिटर. त्यातलं भोक नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झालं. मॅक्रो नको, 'एनेबल' दाबायला नको, नुसती फाईल उघडली की काम तमाम. शेवटी मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१८ मध्ये तो भागच ऑफिसमधून काढून टाकला. पण जुन्या, कधीच अपडेट न झालेल्या मशीनवर तो अजून बसलेला असतो आणि त्याच भोकाच्या फायली पुढं कितीतरी वर्षं फिरत राहिल्या. नवीन ऑफिस परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे. क्रॅक केलेलं ऑफिस मात्र नको. क्रॅक बसवताना आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, आणि तो बहुतेकदा बंदच राहतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अँटिव्हायरसला घालणार होता ते पैसे नव्या विंडोजकडं वळवा.

सेलूकर_सेतू

ताई, लई उपकार झाले. गुरुजींकडं जाऊन आलो. त्यांच्या मेलला खरंच एक भलताच फॉरवर्डचा पत्ता लावलेला निघाला, काढला. त्या पत्त्याचा फोटो काढून ठेवलाय.

प्रिव्ह्यूवरून प्रिंटचं करून पाहिलं. पीडीएफला एकदम झकास. पण ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेच्या प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या येतात. प्रिव्ह्यूत सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतंय. त्या तर वर्डमध्येच उघडाव्या लागतात. वर्डमध्ये उघडलं की वर पिवळी पट्टी येते आणि 'एनेबल एडिटिंग' दाबल्याशिवाय प्रिंटच होत नाही. मग ते दाबावं की नाही? अन् पेनड्राइव्हवरून आणलेल्या फायलीला ही पट्टी येत नाही, म्हणजे त्या फायली चांगल्या असं समजायचं का?

लॅबताई_लातूर

पेनड्राइव्हचं आधी, कारण तिथं गैरसमज फार आहे. विंडोज नेटवरून उतरवलेल्या फाईलला एक अदृश्य खूण लावतं. ती खूण बघून वर्ड ती पिवळी पट्टी दाखवतं. बाजारातल्या बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या असतात तिथं ही खूण टिकत नाही. म्हणजे तीच खराब फाईल पेनड्राइव्हमधून आली की पट्टी नाही. पट्टी नसणं हा चांगुलपणाचा दाखला समजू नका. उलट अशा वेळी जास्त बघा.

आता पट्टी. पिवळ्या पट्टीचे दोन प्रकार आहेत, आणि गर्दीत दोन्ही सारखेच दिसतात. पहिली पट्टी 'एनेबल एडिटिंग'ची. त्या अवस्थेत वर्ड फाईलला बांधून ठेवतं, म्हणूनच प्रिंटही देत नाही. अपडेट असलेल्या ऑफिसवर, गिऱ्हाईक समोर असताना, फाईलमध्ये अपेक्षित मजकूर दिसत असताना हे दाबायला हरकत नाही. दुसरी पट्टी 'एनेबल कन्टेन्ट'ची. ती मॅक्रो चालवायची परवानगी मागते. प्रश्नपत्रिकेला मॅक्रो लागत नाही, ठरावाला लागत नाही, लग्नाच्या यादीला लागत नाही. प्रिंटसाठी ती कधीच दाबायची नाही, कुणीही सांगितलं तरी. फाईल उघडल्यावर मजकुराच्या जागी 'हा दस्तऐवज पाहण्यासाठी वरचं बटण दाबा' असं मोठं चित्र दिसलं, तर ते चित्र चोरानं काढलेलं असतं. फाईल बंद करा.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं नेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो आपणहूनच अडवायला सुरुवात केली. तिथं लाल पट्टी येते आणि 'एनेबल' बटणच नसतं. लगेच चोरांनी वाट बदलली. आयएसओ (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या) फायली, शॉर्टकटच्या एलएनके फायली, २०२३ मध्ये तर वननोटच्या फायली धाडायला लागले. म्हणून फाईलचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, बघायची सवय लागलीच पाहिजे. विंडोज ते लपवून ठेवतं. एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'ला टिक करा. मे २००० मध्ये जगभर जो प्रेमपत्राचा व्हायरस पसरला त्याच्या फाईलच्या नावात शेवटी टीएक्सटी दिसायचं आणि खरं शेपूट व्हीबीएस लपलेलं असायचं. पंचवीस वर्षांनी 'हॉलतिकीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' तोच डाव खेळतंय. नावावर विश्वास बसत नसेल तर फोल्डरमध्ये 'टाइप'चा रकाना बघा. तिथं 'अ‍ॅप्लिकेशन' किंवा 'शॉर्टकट' लिहिलेलं असेल तर तो कागद नाही.

झिपसारख्या फायली उघडायचं विनरार असेल तर तेही तपासा. दुकानांमध्ये वर्षानुवर्षं एकच जुनी आवृत्ती असते, ती स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात असं भोक सापडलं होतं की आतल्या साध्या फोटोवर डबल क्लिक केलं तरी भलतीच फाईल चालायची. ६.२३ या आवृत्तीत ते बुजवलं. त्याच्या मागची असेल तर काढून टाका.

जिंतूर_रोड

ताई सगळं खरंय, पण दुकानात दहा माणसं उभी असतात. एकाला बस गाठायची असते, एकाची लाइट जायच्या आत प्रिंट पायजे. एवढं कोण बघत बसंल?

लॅबताई_लातूर

दादा, गर्दीत बघावं लागू नये म्हणूनच मशीन आधी लावून ठेवायचं. वेगळं मशीन, साधं खातं, प्रिव्ह्यूवरून प्रिंट, हे एकदा केलं की गर्दीत वेळ उलट वाचतो, डाउनलोडची भानगडच नाही. गर्दीत डोळ्यानं बघायचं राहतं ते दोनच: शेपूट आणि पट्टी. आणि भिंतीवर मेलच्या पत्त्याखाली एवढं रंगवा: 'फाईल पीडीएफ करूनच पाठवा. विषयात नाव व गाव लिहा.' नाव-गाव नसलेला मेल, ज्याच्यासाठी काउंटरवर कुणी आलेलं नाही, तो उघडायचं कारणच उरत नाही.

अंबाजोगाई_डीटीपी

माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि शाळांची कामं. सेलूकर भाऊंना कोरल, पेजमेकर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायलीही येत असणार, त्यांना प्रिव्ह्यू नसतो. माझी पद्धत सांगतो.

एक जुना डबडा कॉम्प्युटर होता, ४ जीबी रॅमचा, त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली. विंडोजसाठी बनवलेली ईएक्सई, व्हीबीएस, एलएनके त्याच्यावर डबल क्लिकनं चालत नाही. वर्ड, एक्सेल, पीडीएफ लिब्रेऑफिसमध्ये उघडतो. कृतिदेवचा फॉन्ट तिथंही बसतो, मजकूर नीट दिसतो. उघडलं, बघितलं, पीडीएफ केली. पण भाऊ, तुमचं कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायच्या नादी लागू नका, त्याचा ड्रायव्हर तिथं फार छळतो. पीडीएफ करा आणि विंडोजच्या मशीनवरून प्रिंट द्या.

याच्याही पुढचं पाहिजे असंल तर डेंजरझोन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतली फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन सांभाळते. मूळ बनवलं ते पत्रकारांसाठी, ज्यांना तुमच्यासारख्याच अनोळखी फायली उघडाव्या लागतात. ते फाईल एका बंद कप्प्यात उघडतं, प्रत्येक पानाचा फोटो काढतं आणि त्या फोटोंची नवीन पीडीएफ बनवतं. मूळ फाईलमध्ये काही दडलेलं असलं तरी फोटोत येत नाही. प्रिंटला तेवढं पुरतं. थोडं सावकाश चालतं आणि रॅम मागतं, म्हणून प्रत्येक हॉलतिकिटाला नाही, शंका आली तरच वापरायचं.

कोरलच्या फायलीला यातलं काहीच लागू नाही. तिथं मी ओळखीच्या डिझायनरचंच काम घेतो, बाकीच्यांना पीडीएफ किंवा जेपीजी मागतो.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत सँडबॉक्स म्हणून एक सोय आहे, २०१९ पासून. विंडोजच्या आत एक कोरं विंडोज उघडतं, बंद केलं की आतलं सगळं पुसून जातं. होम आवृत्तीत ते नाही, आणि आपल्याकडं दुकानांत बहुतेक होमच असतं.

खंडपीठ_कारकून

मी छत्रपती संभाजीनगरला एका वकील साहेबांकडं कारकून आहे. एका गोष्टीबद्दल सावध करावंसं वाटलं म्हणून लिहितोय. अशा चर्चेत कुणी ना कुणी 'व्हायरसटोटलवर टाकून बघा' म्हणतंच. साइट चांगली आहे, २००४ पासून चालू आहे, २०१२ मध्ये गूगलनं घेतली. फाईल टाकली की सत्तरएक अँटिव्हायरस एकदम तपासतात. पण तिथं टाकलेली फाईल त्यांच्याकडंच राहते आणि पैसे भरणारे संशोधक, कंपन्या ती उतरवू शकतात. गिऱ्हाइकाचं आधार, पोटगीचा अर्ज, जमिनीच्या वादाचे कागद तिथं टाकले तर व्हायरस नसलेला कागदही आपण जगापुढं ठेवला. माझ्या साहेबांनी ऑफिसात पहिल्यांदा हेच बंद केलं.

ती पीक विम्याच्या यादीची झिप टाकायला हरकत नाही, तिच्यात कुणाचं खाजगी काही नसणार. पण ज्याच्यात माणसाचं नाव आहे ती फाईल टाकायची नाही. फाईलचा हॅश म्हणजे तिचा आकडी ठसा काढून फक्त तो ठसा तिथं शोधता येतो, फाईल बाहेर जात नाही. ठसा आधीच वाईट म्हणून नोंदलेला असेल तर कळतं. सापडला नाही तर फाईल चांगली असं मात्र समजू नये.

सेलूकर_सेतू

कारकून साहेब, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर पण तोच ताप आहे. 'आरटीओ चलन', 'पीएम किसान', आता तर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल यायलेत. गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं, "भाऊ हे उघडंना, तुम्ही बगा." आणि एखाद्यानं उघडलंच तर लगेच काय करायचं, तेही सांगून ठेवा. माझ्याकडं भाचा बसतो दुपारी.

लॅबताई_लातूर

एपीके हा कागद नसतोच, ते अँड्रॉइडचं अ‍ॅप असतं. पत्रिका फोटोत येते किंवा पीडीएफमध्ये. हे अ‍ॅप बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी थेट चोराकडं जातो. गिऱ्हाइकाला तिथंच सांगा, उघडायचं नाही. बसवून झालं असेल तर आधी विमान मोड लावा, मग अ‍ॅप काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ज्यानं तो पाठवला त्या नातेवाइकालाही फोन करायला लावा, त्याच्याही मोबाईलमध्ये तेच बसलेलं असतं.

पैसे गेले असतील तर १९३० ला फोन. हा सगळ्या देशाचा नंबर आहे. जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवायची शक्यता जास्त, म्हणून 'उद्या पोलीस ठाण्यात जाऊ' असं करू नका. फोन आधी, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. हा नंबरही भिंतीवर मेलच्या पत्त्याशेजारी रंगवून घ्या. गावातून आलेली म्हातारी माणसं तुमच्याच दुकानात उभी असतात, त्यांना दुसरीकडून कोण सांगणार?

दुकानाच्या मशीनवर चुकून काही उघडलं गेलं, तर भाच्याला एवढंच शिकवा: नेटची वायर ओढायची, वायफाय बंद करायचा, आणि तुम्हाला फोन करायचा. त्याला रागावू नका आणि तसं आधीच सांगून ठेवा. मुलं घाबरून लपवतात आणि त्या लपवलेल्या तासाभरात सगळं नुकसान होतं. मग पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, त्याच मशीनवरून नाही.

फायली कुलूपबंद झाल्याच तर पैसे देऊ नका आणि त्या फायली पुसूनही टाकू नका. 'नो मोअर रॅन्सम' म्हणून एक साइट आहे, डच पोलीस आणि युरोपोल यांनी २०१६ मध्ये दोन अँटिव्हायरस कंपन्यांबरोबर सुरू केली. काही प्रकारांच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली पुढं येऊ शकते. पण खरा आधार बॅकअपचाच. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला सेतूच्या मशीनची नक्कल काढा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेलीच राहिली तर तिच्यावरच्या फायलीही त्याच वेळी कुलूपबंद होतात.

सेलूकर_सेतू

मशीन वेगळे केले. ऑफिस २००७ काढलं, लिब्रेऑफिस टाकलं. पेंटरला निरोप दिलाय. पण एक गाठ सुटंना. दाखल्याच्या अर्जाला गिऱ्हाइकाचं आधार, रेशन कार्ड, तलाठ्याचा अहवाल अपलोड करावा लागतो. ते सगळं येतं मेलवर, म्हणजे फायलींच्या मशीनवर. सेतूच्या मशीनवर ते न्यायचं कसं? पेनड्राइव्हनं नेलं तर मग वेगळं करून काय उपयोग?

अंबाजोगाई_डीटीपी

स्कॅनर सेतूच्या मशीनला जोडा. आलेल्या कागदाची प्रिंट फायलींच्या मशीनवरून काढा, आणि ती प्रिंट सेतूच्या मशीनवर स्कॅन करा. मधे कागद आला की फाईलमधलं काहीच पलीकडं जात नाही. स्कॅन करताना रिझोल्यूशन कमी ठेवलं की पोर्टलच्या साइजच्या मर्यादेतही बसतं. गिऱ्हाईक मूळ कागद घेऊन आलं असेल तर मेलची गरजच नाही, सरळ तोच स्कॅन करा, प्रिंटचा खर्चही वाचतो.

लॅबताई_लातूर

हेच करा भाऊ. फक्त ती मधली प्रिंट काम झालं की फाडून टाका, रद्दीत जाऊ देऊ नका. तिच्यावर कुणाचा तरी आधार नंबर आहे.